टायर कुठे टेकतो ते बघ

गिऱ्हाईक सायकल घेऊन येतं आणि म्हणतं, "हँडल कसंतरीच चालतंय." याच्यापुढे त्याला सांगता येत नाही, आणि त्याने सांगावं अशी अपेक्षाही तू धरू नकोस. जड लागतंय, नुसतं पळतंय, एका बाजूला ओढतंय, उतारावर लटपटतंय, चढावर इकडेतिकडे पडतंय, ही सगळी दुखणी निराळी आणि त्यांची औषधंही निराळी. आता दुकान तूच बघणार आहेस, तर मामाकडून एवढं ऐकून ठेव. यातलं बरंचसं पुस्तकात सापडेल, पण पुस्तकातली सायकल नेहमी नवी असते.

फ्रेमला दोष देण्याआधी हवा बघ. पुढच्या टायरात हवा कमी असली की चांगल्यातली चांगली सायकलही चिखलातून चालल्यासारखी वळते. मग पुढचं चाक उचलून धर आणि हँडल एका बोटाने सावकाश डावीकडून उजवीकडे फिरव. मधोमध येताच खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर हेडच्या वाट्या गेल्या. छर्रे वर्षानुवर्षं एकाच जागी दणके खातात आणि वाटीत बारीक खड्डे पाडतात. सरळ जाताना आपण हँडल न कळत सारखं केसभर हलवत असतो, ते हलवणंच बंद पडतं. गिऱ्हाईक सांगतं, सायकल झोकांड्या खाते. अशी सायकल घेऊन कुणी फ्रेम बदलायला निघालं असेल तर त्याचे पैसे वाचव. वाट्या आणि छर्रे बदलून काम होतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकल, हेडमध्ये खटखट लागली तर ते ढिलं आहे. चाकाचा आऊटही बघून घे. हे सगळं ठीक असेल तरच मापं घ्यायला बस.

मापं घ्यायला यंत्र लागत नाही. सायकल सपाट फरशीवर उभी कर, हँडल नाकासमोर. एक सरळ लाकडी पट्टी घे आणि बाजूने बघत हेडच्या नळीच्या बरोबर मध्यरेषेवर धर, खाली फरशीपर्यंत. पट्टी जिथे टेकेल तिथे खडूने खूण कर. आता पुढच्या एक्सलवरून ओळंबा सोड. दोऱ्याला नट बांधलास तरी चालेल. तो टेकेल तिथे दुसरी खूण. धड सायकल असेल तर पट्टीची खूण पुढे आणि ओळंब्याची मागे पडते. मधलं अंतर स्केलने मोज. यालाच ट्रेल म्हणतात, आणि हँडलच्या तक्रारीत पहिला हिशोब या दोन खुणांचा.

कारण असं, की चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा जमिनीला पुढे भेटते आणि टायर तिच्या मागे टेकतो. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक आठव. ट्रॉली ढकलली की ते फिरून आपोआप मागे जातं आणि सरळ होतं. सायकलचं पुढचं चाकही सारखं तेच करायला बघत असतं. अंतर जास्त असेल तर चाक हट्टाने सरळ राहतं आणि वळवायला जोर लागतो. अंतर कमी असेल तर हँडल हलकं, नुसत्या विचाराने वळल्यासारखं, पण खड्ड्यात किंवा वाऱ्यात लगेच दिशा सोडणारं.

आता नीट ऐक, कारण इथे भलेभले उलटं बोलतात. चिमट्याचा बाक पुढे जास्त असला की सायकल स्थिर होते असं लोकांना वाटतं. आपल्या जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीचा चिमटा चांगला पुढे वाकलेला असतो आणि ती सायकल शांत चालते, म्हणून ही समजूत. खरं तर बाक वाढला की चाक पुढे सरकतं, टायर पट्टीच्या खुणेजवळ येतो, ट्रेल घटतो आणि हँडल हलकं होतं. काळी सायकल शांत आहे ती बाकामुळे नाही. तिच्या हेडचा कल बराच मागे रेललेला आहे, साधारण 68 डिग्री. एवढ्या कलाला सरळ चिमटा लावला असता तर ट्रेल बेसुमार वाढला असता आणि हँडल वळता वळलं नसतं. म्हणून ती बनवणाऱ्यांनी बाक 75 मिलिमीटरच्या आसपास ठेवला. हिशोब केलास तर ट्रेल सहा-साडेसहा सेंटिमीटर निघतो.

रेसिंगच्या सायकलीचं हेड 73 डिग्रीला उभं असतं, चिमट्याचा बाक 43 ते 45 मिलिमीटर, आणि ट्रेल येतो 57 ते 59. म्हणजे दिसायला एक म्हैस आणि एक हरीण, पण ट्रेलमध्ये फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. कुणी नुसत्या हेडच्या कोनावरून सायकल कशी चालते ते सांगू लागला तर मान डोलव आणि आपलं काम कर. कोन, बाक आणि चाकाचा घेर तिन्ही एकत्र आल्याशिवाय काही ठरत नाही. अंदाजासाठी एवढं लक्षात ठेव: 700च्या चाकाला हेड एक डिग्रीने मागे रेललं की ट्रेल साधारण सहा मिलिमीटरने वाढतो.

चिमट्याच्या पाती वाकलेल्या आहेत की सरळ याने ट्रेलमध्ये काही फरक पडत नाही. हल्लीचे कितीतरी चिमटे दिसायला सरळसोट असतात, पण वरच्या मुकुटापासूनच ते थोडे पुढे कललेले असतात. पट्टीच्या रेषेपासून एक्सलपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोज, तोच खरा बाक.

मग ट्रेल जवळजवळ सारखा असून दोन्ही सायकली वेगळ्या का चालतात? एक तर दोन चाकांमधलं अंतर. रेसिंगची मीटरभराची, काळी त्याहून चांगली वीतभर लांब... वीत जरा जास्त झाली, दहा-बारा सेंटिमीटर म्हण. लांब सायकल वळायला वेळ घेते आणि खड्ड्याचा दणका कमी पोचवते. दुसरं म्हणजे हँडल पडणं. हेड जेवढं रेललेलं तेवढं हँडल वळवताच सायकलचं तोंड खाली बसतं आणि मग हँडल स्वतःच आणखी वळायला बघतं. वेगात हे कळत नाही. चढावर पायी चालण्याच्या वेगाने जाताना मात्र सायकल दारू प्यायल्यासारखी डावी-उजवी करते. नव्या माउंटन सायकलींत हे फार दिसेल. त्यांचं हेड 65 डिग्रीपर्यंत रेलवलेलं असतं, 29च्या चाकाला ट्रेल 12 सेंटिमीटरच्या वर जातो. दगडधोंड्यांच्या उतारावर ती सायकल डोळे मिटून सोडावी अशी, आणि सिंहगडाच्या डांबरी चढावर तीच जीव नकोसा करते. गिऱ्हाइकाला आधी विचार, चालवणार कुठे? ऑफिसला जाणाऱ्याने असली सायकल घेतली असेल तर ती बिघडलेली नाही, चुकीच्या गावी आली आहे.

वाकलेला चिमटा ओळखणं ही या धंद्यातली सगळ्यात कामाची विद्या. कुणीतरी डिव्हायडरवर चढलेलं असतं, पण सांगायला येतं, "आपोआपच झालं." सायकल बाजूने बघ. बाक सुरू होण्याआधीचा पातीचा भाग हेडच्या नळीच्या रेषेत चालला पाहिजे. तो मध्येच मागे मोडल्यासारखा दिसला तर चिमटा गेला. मग हेडच्या मागे, दांड्याच्या आणि तिरक्या नळीच्या खालच्या बाजूला, जोडापासून दोन-तीन बोटांवर अंगठ्याचं पेर फिरव. डोळ्याला न दिसणारी रंगाची सुरकुती नखाला लागते. कधी रंगाला केसासारखी चीर असते आणि तिच्यात गंज. ती सुरकुती सापडली की मार फ्रेमपर्यंत पोचला असं धर. नुसता चिमटा मागे गेला असेल तर बाक घटतो, ट्रेल वाढतो, हँडल जड होतं आणि वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागतं. फ्रेम दबली असेल तर हेड उभं होतं, आणि मग उलट हँडल पळायला लागतं. दोन्ही झालं असेल तर गिऱ्हाईक "कसंतरीच" म्हणतं, आणि तेव्हा त्याचं बरोबर असतं.

पाइप घालून चिमटा ओढून सरळ करायची आपल्याकडे पद्धत आहे. स्टीलचा चिमटा जरासाच वाकला असेल तर चालतं, तेही एकदाच. ॲल्युमिनियम आणि कार्बनला हात लावायचा नाही. ॲल्युमिनियम परत वाकवलं की आतून तडकतं, आणि कार्बन वरून ठणठणीत दिसत असताना आत सुटलेलं असतं. गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी नवा चिमटाच लाव, आणि तो लावताना जुन्याचा मूळ बाक आणि मुकुटापासून एक्सलपर्यंतची उंची कंपनीच्या कागदात बघून जुळव. "बसतोय ना" हे माप नव्हे.

उंचीचं मुद्दाम सांगतो, कारण साध्या चिमट्याच्या जागी शॉकअपचा चिमटा बसवून मागणारी पोरं रोज येतील. चिमटा 20 मिलिमीटरने उंच झाला की सायकलचं तोंड वर जातं आणि हेड सुमारे एक डिग्रीने मागे रेलतं. सीटही मागे झुकते, पायडलं वर जातात, ट्रेल वाढतो. साध्या चिमट्याच्या फ्रेमवर 100 मिलिमीटर ट्रॅव्हलचा शॉकअप चढवला तर एका डिग्रीवर भागत नाही. शिवाय लांब चिमट्याची तरफ हेडच्या जोडावर जास्त ताण देते. पोराला नाही म्हण. रागावून दुसऱ्या दुकानात जाईल, जाऊ दे.

आणि नव्या खोक्यातून काढलेली सायकल आली की आधी चिमटा सुलटा आहे का ते बघ. हसू नकोस. घरी पाना घेऊन जोडलेल्या सायकलींचा चिमटा उलटा बसलेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे. ब्रेक मागच्या बाजूला आलेला दिसतो. रेसिंगच्या सायकलीचा चिमटा उलटा लावलास तर ट्रेल 15 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि चाक पायात येतं. तरी ती चालते, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. मजा म्हणजे युरोपात ट्रॅकवर मोटरसायकलच्या मागे पळायच्या शर्यती असतात, त्यांच्या सायकलींना चिमटा मुद्दाम उलटा असतो आणि पुढचं चाक लहान. मोटरसायकलला चिकटून वाऱ्याआड राहता येतं आणि भयंकर वेगात सायकल रुळावर असल्यासारखी सरळ चालते. तिथे वळायचंच कमी असतं. लक्ष्मी रोडला ती सायकल घेऊन ये म्हणजे कळेल.

उलट्या चिमट्यावरून आठवलं, डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज माणसाने चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायची खटपट केली होती. त्याचा लेख 1970 साली 'फिजिक्स टुडे' मासिकात आला. फिरतं चाक भोवऱ्यासारखं सायकलला उभं धरतं असं सगळे मानत, म्हणून त्याने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक बसवून तो परिणाम मारून टाकला. सायकल तरीही चालवता आली. मग चिमटा उलटा केला तर रिकामी सायकल ढकलल्यावरही बराच वेळ उभी राहिली. शेवटी पुढचं चाक इतकं पुढे नेलं की टायर पट्टीच्या खुणेच्याही पुढे टेकायला लागला. तेव्हा कुठे ती सायकल चालवणं मुश्कील झालं. हे वाचून ट्रेल म्हणजेच सारं काही असं मी म्हणायला लागलो असतो, पण 2011 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या लोकांनी 'सायन्स'मध्ये आणखी एक प्रयोग छापला. भोवऱ्याचा परिणाम नाही, ट्रेलही शून्याच्या किंचित खाली, आणि तरी ढकलली की आपली आपण सावरणारी दोन चाकांची गाडी त्यांनी करून दाखवली. वजन कुठे ठेवायचं हे नेमकं ठरवल्यामुळे ते जमलं.

वजनाचं म्हणणं दुकानात रोज पटेल. तीच सायकल मोकळी असताना एक आणि ओझं लादल्यावर दुसरी. पॅरिसमध्ये पूर्वी वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाटणारे सायकलवाले पुढच्या मोठ्या कॅरियरवर कागद लादून पळायचे. त्यांच्या शर्यतीसुद्धा भरायच्या. त्यांच्या सायकलींना बाक जास्त आणि ट्रेल मुद्दाम कमी असे. पुढचं ओझंच हँडलला जड करतं. त्यात ट्रेलही जास्त असेल तर वळवताना हँडल बसतं आणि पुन्हा उठवायला दंड लागतात. मोकळी असताना अशी सायकल चुळबुळी वाटते, ओझं लादलं की शहाणी होते. पुढे मोठी टोपली लावून मागणारं कुणी आलं तर आधी ट्रेल मोज. सहा सेंटिमीटरच्या वर असेल तर टोपलीऐवजी मागच्या कॅरियरचा सल्ला दे, नाहीतर ओझं खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंना एक्सलजवळ बांधून दे.

मागच्या ओझ्याला मागची लांबी लागते. क्रँक ज्यात फिरतो त्या बीबीपासून मागच्या एक्सलपर्यंत रेसिंगच्या सायकलीत 41 सेंटिमीटर, लांब प्रवासाच्या सायकलीत 44-45. आखूड फ्रेमवर पिशव्या लावल्या की टाच पिशवीला लागते, ती लागू नये म्हणून माणूस पिशव्या मागे सरकवतो, मग वजन एक्सलच्या मागे जातं आणि पुढचं चाक हलकं पडतं. दुधाच्या कँडा दोन्ही बाजूंना लावून जाणारा गवळी काळ्या सायकलीवरच का दिसायचा ते यात आलं. तिची मागची लांबी ऐसपैस, आणि कँडा एक्सलच्या दोन्ही अंगांना खाली लटकलेल्या.

उतारावर लटपट सुटली अशी तक्रार आली तर त्याला पहिल्यांदा हे सांग: पुन्हा झालं तर दोन्ही गुडघ्यांनी दांडा घट्ट आवळ, सीटवरून किंचित उठ, हँडल गच्च धरू नकोस, आणि मागच्या ब्रेकने हळूहळू वेग कमी कर. गच्च धरलं की लटपट वाढते. मग दुकानात हेड, हब आणि आरे बघ, उंचावर बांधलेलं मागचं ओझं बघ, आणि फ्रेम वाकडी नाही ना ते दोऱ्याने तपास. मागचं चाक काढ. दोरा मागच्या एका ड्रॉपआउटला बांध, पुढे नेऊन हेडच्या नळीभोवती वळव आणि दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आण. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचं अंतर सारखं आलं पाहिजे. मिलिमीटरभर इकडेतिकडे सोडून दे. तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत नाही, आणि असली सायकल हात सोडला की एका बाजूला जाते.

उरलं ते कमी उंचीच्या माणसांचं, म्हणजे आपल्याकडे बहुतेक बायका-मुलींचं. लहान फ्रेमला 700चंच चाक लावलं की चाक पायात येतं. ते पुढे ढकलायला कंपन्या हेड 71-70 डिग्रीला रेलवतात, पण चिमटा सगळ्या साइझला तोच वापरतात, कारण दोन-तीन बाकांचे चिमटे बनवायला खर्च येतो. ट्रेल जातो सात सेंटिमीटरच्या घरात. लहान चणीच्या बाईला सगळ्यात जड हँडल, आणि सहा फुटी माणसाला हलकं! मला विचारशील तर लहान साइझला 650चं चाक किंवा जास्त बाकाचा चिमटा हाच सरळ मार्ग. पण सायकल घेऊन झालेली असते आणि पैसे गेलेले असतात, तेव्हा आहे त्यात भागवायचं. तिला नेहमीचे बूट घालून बसव, पायडलं आडवी ठेव आणि हँडल वळवून बुटाचं टोक टायरला लागतं का बघ. लागलं तर घाबरवू नकोस. वेगात हँडल एवढं वळत नाही. लागतं ते सिग्नलला, गर्दीत, यू टर्न घेताना. मडगार्ड लावायचा असेल तर आणखी सेंटिमीटरभर जागा जाते, हे आधीच सांग. मग तिला दुकानासमोर हळूहळू आठचा आकडा काढायला लाव. पाय अडखळला तर 170चा क्रँक काढून 160चा घाल, सीट तेवढी वर घे, आणि पुन्हा आठ काढायला सांग.